खासदारसाहेब आणि आमचा अरुंद पूल

खासदारसाहेब,

तुम्हाला जाऊन आठवडा होत आला. काल क्लेअरने तुमच्याकडच्या वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं. फोटोत तुमचे केस काळेभोर आहेत. किती वेळा निवडून आलात, कोणत्या समितीवर होतात, तुमच्या पक्षाचं नाव किती वेळा बदललं, सगळं छापलंय. तिने मला वाचून अर्थ सांगितला. मी म्हटलं, "अगं, पण यात तुझे बाबा कुठे आहेत?" ती हसली, आणि मग तिला रडूच आलं. म्हणून मी लिहायला बसले. आमच्या मराठी मंडळाच्या अंकात छापू म्हणालेत. तुम्हाला मराठी येत नव्हतं हे खरं, पण मला तरी फ्रेंच कुठे येत होतं? आपलं सगळं इंग्रजीत चालायचं. तुमचं इंग्रजी परदेशी पाहुण्यांशी बोलून शिकलेलं, माझं मुलाच्या शाळेच्या पुस्तकांतून आणि टीव्हीवरून उचललेलं. अडलं की दोघंही डच शब्द वापरायचो, तोही चुकीचा. पण भाषेवाचून भांडण अडलंय, असं काही झालं नाही.

वाचणाऱ्यांना तुमची ओळख करून देते, तेवढा वेळ तुम्ही गप्प बसा. हे गृहस्थ फ्रान्सच्या संसदेत अर्धं आयुष्य बसले, तेही बरोबर मधल्या बाकांवर. डावे म्हणायचे हे उजवे, उजवे म्हणायचे हे डावे. बायको गेल्यावर मुलीकडे, क्लेअरकडे राहायला आले. क्लेअरचं घर इथे डच मुलखात, उइटहॉर्नच्या पुढच्या आमच्या छोट्या गावात, माझ्या शेजारी. मी यजमानांच्या नोकरीमुळे आइंडहोवनला आलेली, ते गेल्यावर मुलाच्या जवळ म्हणून इकडे सरकलेली. झाली ओळख. आता बोला.

पण तुम्ही कसले बोलताय. मीच बोलते.

आपण भेटलो ते पुलाच्या तोंडाशी. कालव्यावरचा तो जुना लाकडी पूल. मी सकाळी पिशवी घेऊन निघाले, तर पुलावर लाल-पांढरी फळी आडवी. लाकूड कुजलंय, पूल बंद. माझं घर कालव्याच्या या काठाला, आणि डॉक्टर, बाजार, वाचनालय सगळं त्या काठाला. फळीपाशी आधीच एक उंच म्हातारे गृहस्थ रोलेटर धरून उभे, त्या चाकांच्या आधारगाडीवर ब्रेडची रिकामी पिशवी. मला बघून टोपी उचललीत आणि म्हणालात, "मादाम, मी आयुष्यभर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जात आलोय. वाटेत अशी फळी कुणी लावली नव्हती."

मी विचारलं, "ट्रॅफिक पोलिसात होता का?"

तुम्ही इतके हसलात की रोलेटर खडखडायला लागला. त्या दिवसापासून तुम्ही माझे खासदारसाहेब आणि मी तुमची मादाम कुसुम.

तुम्हाला तो पूल ब्रेडसाठी हवा होता. मला कशासाठी हवा होता ते तुम्ही पहिल्या आठवड्यातच माझ्याकडून काढून घेतलंत. माझा मुलगा निखिल आम्स्टलफेनला असतो. पूल बंद झाला तसा त्याचा फोन, "आई, प्रॅक्टिकल विचार कर. रोज मी येऊ शकत नाही. आमची वरची खोली रिकामी आहे, तिथे ये." खोली चांगली आहे, खिडकीतून झाडं दिसतात. सूनही चांगली आहे. पण यजमान गेल्यावर मी एकटीने उभं केलेलं हे दोन खोल्यांचं घर आहे. माझा चहा माझ्या वेळेला होतो. कुणाची वाट न बघता मी चपला घालते आणि निघते. पूल गेला की बाहेर पडण्यासाठी कुणाला तरी फोन करावा लागणार, आणि फोन करायला लागले की एक दिवस सामान बांधावं लागणार, हे मला दिसत होतं. पूल गेला तर माझं घर जाणार होतं. इतकं ते सरळ होतं.

तुम्ही ऐकून घेतलंत, सांत्वन वगैरे काही केलं नाहीत. विचारलंत, "नगरपालिकेत कोण कोण आहे, मादाम?" तुमचा आवाजच बदलला. क्लेअर स्वयंपाकघरातून ओरडली, "पप्पा, नो." ती हा आवाज ओळखत होती.

इथली नगरपालिका, म्हणजे आमची खेमेंटे, म्हणत होती की पूल पाडायचा. दुसरा पूल चार मिनिटांवर आहे. कागदावर तसं लिहिलं होतं, नकाशाही होता. मी तो कागद तीन-चारदा वाचला आणि मला वाटलं, असेल बाई, आपलीच चाल मंदावली. तुम्ही म्हणालात, चला बघून येऊ. निघालो. वारा समोरून. पहिल्या बाकावर बसलो, पुढच्या बाकावर बसलो, मग एका घराच्या कुंपणाच्या कट्ट्यावर बसलो, आणि तो दुसरा पूल अजून झाडांमागे. परत आणायला क्लेअरला गाडी घेऊन यावं लागलं. गाडीत माझी ट्यूब पेटली. ती चार मिनिटं सायकलची होती. कुणी खोटं लिहिलं नव्हतं. या देशात मिनिटं सायकलचीच असतात. दवाखाना दहा मिनिटं, शाळा पाच मिनिटं, कशाने ते कुणी सांगतही नाही आणि विचारतही नाही. लिहिणारा सायकलवाला, वाचणारा सायकलवाला, सही करणारा सायकलवाला.

मला राग आला होता. तुमचा चेहरा मात्र असा खुलला, जसा पत्ते खेळताना हुकमाचा एक्का उचललेल्या माणसाचा खुलतो. आणि तुम्ही मला हिवाळ्याच्या रस्त्याची गोष्ट सांगितलीत.

तुमचा मतदारसंघ डोंगरातला. सरकारने ठरवलं होतं की जवळ दुसरी शाळा असेल तर खेड्यातली छोटी शाळा बंद करायची. जवळ म्हणजे नकाशावर जवळ. पण नकाशावरची ती खिंड बर्फाने बंद व्हायची, आणि पोरांना सगळी दरी वळसा घालून जावं लागायचं. डावे म्हणाले कायदा फाडून टाका. उजवे म्हणाले एक अक्षर बदलणार नाही. तुम्ही अंतराच्या पुढे एवढंच घातलंत, 'हिवाळ्यात उघड्या असणाऱ्या रस्त्याने'. कुणाला त्यात आपला पराभव दिसला नाही, म्हणून सगळ्यांनी बाजूने हात वर केले.

मी म्हटलं, "इतक्या वर्षांत एवढंच?"

"अजून काही ओळी आहेत, मादाम. पण ही माझी आवडती. काही शाळांची घंटा अजून वाजते."

"आमच्याकडे इतक्यांदा निवडून आलेल्या माणसाचा निदान एक साखर कारखाना असतो."

साखर कारखाना आणि निवडणूक यांचा संबंध समजावून सांगण्यात माझी अख्खी दुपार गेली. ऐकून तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "माझ्याकडे एक छत्री होती."

आता आपल्या भांडणाचं. ते लिहिलं नाही तर तुम्हीच म्हणाल की मादाम कुसुमने गोड गोड लिहून मला पुरून टाकलं.

नगरपालिकेत दोन तट होते. एकाला हवा होता मोठा, रुंद पूल, सायकली जातील असा. त्यांच्या मागे होती आपल्याच गल्लीतली माइका, दोन पोरांची आई. बाकफिट्स चालवायची, म्हणजे ती पुढे लाकडी खोका असलेली लांबलचक सायकल, पोरं खोक्यात. दारोदार फिरून तिने सह्या गोळा केल्या होत्या, मी आजारी असताना मला सूप आणून दिलं होतं. दुसऱ्या तटाचे पुढारी योस नावाचे धिप्पाड गृहस्थ. त्यांचं म्हणणं, गावात दुसरी कामं पडलीत, पूल नकोच. मी अर्थातच माइकाच्या बाजूची. आणि तुम्ही काय म्हणालात? "रुंद पूल सोडून द्या. अरुंद मागा. पायी चालणाऱ्यांपुरता."

मी म्हटलं, तुमचं हे नेहमीचं तळ्यात-मळ्यात. तुम्हाला शब्द आवडला, अर्थ विचारलात. मी टेबलावर बिस्किटांची रेघ मांडून दाखवलं की अलीकडे मळा, पलीकडे तळं, म्होरक्या ओरडेल तशी उडी मारायची, चुकला तो बाद. तुम्ही नीट बघितलंत आणि म्हणालात, "यात उडी कधी मारायची ते दुसरा कुणी सांगतो. मी तसा खेळलो नाही. मी कुठे उभं राहायचं ते आधी ठरवायचो, मग लोक माझ्याकडे उड्या मारत यायचे." आणि रेघेतलं एक बिस्किट खाऊन टाकलंत.

मी चिडलेलीच होते. तेव्हा तुम्ही ती दुसरी गोष्ट सांगितलीत, जी कात्रणात नाही. तुमच्या भागातल्या दोन गावांत बाळंतपणाचे दोन छोटे दवाखाने होते. दोन्ही बंद व्हायचे होते. तुम्ही एक सोडलात आणि एक वाचवलात. ज्या गावाचा सोडलात, तिथल्या बाजारात बायका तुमच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. तरी तुम्ही दर शनिवारी त्या बाजारात जात राहिलात, शेवटपर्यंत.

मी म्हटलं, "दोन्ही मागायला हवे होते."

"दोन्ही मागितले असते तर एकही मिळाला नसता."

"हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही मागितलेच नाहीत."

तुम्ही चहाचा कप फिरवत बसलात. मला वाटलं, जिंकले मी. नंतर पुष्कळदा तो विषय निघाला, आणि दर वेळी याच प्रश्नावर येऊन तुम्ही कप फिरवायचात. उत्तर तुमच्याकडे नव्हतं, आणि ते नाही हे लपवायची तुमची इच्छाही नव्हती. आज म्हणते, तुमचं सगळ्यात मोठेपण मला त्या कप फिरवण्यात दिसलं होतं. तेव्हा म्हणाले नाही. मला वाटलं, शेफारून जाल.

शेवटी मी तुमचं ऐकलं. पटलं म्हणून नाही. मोठ्या पुलाला मतं पुरत नव्हती, पाडायलाही पुरत नव्हती, आणि दोघंही आपापलं धरून बसले की कुजलेलं लाकूड कालव्यात आपोआप पडणार होतं. तुम्ही म्हणालात, दोघं हट्टाला पेटले की जिंकतं ते कुणालाच नको असलेलं. माझी वरची खोली वाट बघत होती.

इथे सभेत कुठल्याही रहिवाशाला पाच मिनिटं बोलता येतं. माझं डच माझ्यासारखंच, घरी वाढलेलं. मी भाषण लिहून आणलं, तुम्ही क्लेअरकडून त्याचा अर्थ लावून घेतलात आणि खोडत सुटलात. 'निर्दयी' खोडलंत. 'म्हाताऱ्यांची किंमत नाही' खोडलंत. मी म्हटलं, "आता उरलं काय?" तुम्ही म्हणालात, "पत्ता उरला." आणि मला शिकवलंत की आरोप करायचा नाही, आमंत्रण द्यायचं. तर मी उभी राहिले आणि म्हणाले, माझी मंगळवारी डॉक्टरांकडे वेळ आहे, तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी माझ्याबरोबर चालत यावं, दुसऱ्या पुलाने. दोन मिनिटांत बसले. उरलेली तीन मिनिटं सभेला परत केली.

योस आले. रुंद पूलवाल्यांपैकी एक बाई आल्या. तुम्ही रोलेटर घेऊन, मी काठी घेऊन. योस आधी पुढे निघून जायचे, मग थांबायचे, मग परत मागे यायचे. कट्ट्यावर बसलो तेव्हा तेही बसले. तुम्ही त्यांना पुलाबद्दल अवाक्षर विचारलं नाहीत. त्यांच्या गुडघ्याची चौकशी केलीत. त्यांचा गुडघा दुखतो हे तुम्हाला त्यांच्या चालण्यावरून कळलं होतं, इतकी वर्षं मतं मागितलेल्या माणसाला ते कळतंच. डॉक्टरांकडे पोचलो तर माझी वेळ उलटून गेली होती. खिडकीतली मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही लवकर निघायला हवं होतं." योस तिला म्हणाले, "आम्ही लवकरच निघालो होतो." 'आम्ही' म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि मला कळलं की पूल झाला.

सभेत ठराव आला तो एका ओळीच्या दुरुस्तीसह: अंतर चालणाऱ्या माणसाच्या मापाने धरावं. तुमची हिवाळ्याच्या रस्त्याचीच ओळ, फक्त डच कपडे घालून. एका मताने पास झाला. वर प्रेक्षकांत टाळ्या वाजवायला मनाई आहे, म्हणून तुम्ही टोपी काढून छातीशी धरलीत आणि उभे राहिलात. तुमच्या त्या मोठ्या संसदेत तुम्ही असे कितीदा उभे राहिलात ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी तुमच्या अंगावर जे तेज होतं ते मी बघितलं. सभेला आलेला निखिल जिन्यात मला म्हणाला, "आई, तू इतकं बोलतेस हे मला माहीत होतं, पण लोक ऐकतात हे माहीत नव्हतं." त्यानंतर वरच्या खोलीचं नाव त्याने काढलं नाही. तिथे आता त्याचं पळण्याच्या व्यायामाचं मशीन आलंय.

बाहेर माइका उभी होती. मला काही बोलली नाही, तुम्हाला बोलली. "तुम्ही माझा पूल देऊन टाकलात. माझी पोरं पावसात लांबूनच शाळेत जाणार."

तुम्ही म्हणालात, "हो."

बस, इतकंच. समजावलं नाहीत, गोड बोलला नाहीत. ती सायकल वळवून निघून गेली. आपण गाडीत बसलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता दर शनिवारी तिच्या दारावरून जायचं, मादाम." आणि गेलो आपण, दर शनिवारी, तुमची टोपी वर, तिचं दार बंद. कधी तिची पोरं हात हलवायची. ती नाही.

त्या शनिवारांत मला तुमचं ते दवाखान्याचं कोडं उलगडायला लागलं होतं. मलाही आता कुणी विचारलं असतं की रुंद पूल मिळणारच नव्हता हे तुला कसं कळलं, तर मीही कपच फिरवला असता. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आपण दोघं एकाच पंगतीला बसलो, आणि मी वाढायचं विसरले.

मग पूल झाला. उतार इतका हलका की रोलेटर आपोआप चालतो. तुम्ही रोज सकाळी ब्रेड आणायला जायचात आणि मध्यावर थांबायचात. मी विचारलं, दम लागतो का? "नाही. ही माझी जागा आहे." मी म्हटलं, पुरे झालं कौतुक, मागे लोक थांबलेत. खरंच थांबलेले असायचे. पूल तुम्ही अरुंद मागितला होतात.

गेल्या आठवड्यात दुपारी आडवे झालात ते उठलाच नाहीत. क्लेअरने मला हाक मारली. तुमचा हात अजून कोमट होता. मला रडू आलं, पण खोटं कशाला सांगू, अभिमानही वाटला. संसदेची एकही निवडणूक न हरलेला माणूस, निवृत्त होऊन परक्या देशात आला आणि तिथेही एक ठराव जिंकून गेला.

निरोपाचा कार्यक्रम कालव्यापलीकडच्या सभागृहात होता. तिथून गाडी तुम्हाला तुमच्या डोंगरात, तुमच्या पत्नीशेजारी नेणार होती. या काठावरून सभागृहापर्यंत गाडीने वळसा घालायचा बेत होता. क्लेअर म्हणाली, "पप्पा पुलावरून जातील." पण शवपेटी उचलायला माणसं हवीत. निखिल होता, क्लेअर होती. योस आले, काळा कोट घालून, गुडघ्याला पट्टा बांधून. चौथी बाजू रिकामी होती. मी काठी निखिलच्या मुलीकडे देऊन पुढे झाले. आमच्यात बायका खांदा देत नाहीत, पण इथे कोण अडवणार होतं? निखिल म्हणाला, "आई, प्लीज." तेवढ्यात मागून कुणीतरी मला हळूच बाजूला केलं आणि चौथी कड उचलली. माइका. ती सभागृहाकडे निघालेली, सायकल कठड्याला लावून आलेली. माझ्याकडे बघितलं नाही. मी तिच्या मागे, एक हात पेटीच्या लाकडावर टेकवून चालले.

डाव्या अंगाला माइका, उजव्या अंगाला योस. तुमच्या मधल्या बाकांवरच्या सगळ्या आयुष्याला अशी मिरवणूक मिळाली नसेल. मध्यावर पूल फारच अरुंद वाटला, दोन्ही बाजूंचे कोपर कठड्याला घासायला लागले. माइका धापा टाकत, समोर बघत म्हणाली, "आणखी दोन हात रुंद केला असता तर आता बरं पडलं नसतं का?"

पलीकडून योस म्हणाले, "मी तर पूलच नको म्हणालो होतो."

क्लेअर आधी हसली. मग निखिल, मग योस, आणि माइकाला हसू आवरेना म्हणून तिने कपाळ पेटीला टेकवलं. सगळ्यांचे खांदे हलत होते आणि तुम्हीही वर हलत होतात. कुणी थांबलं नाही. हसत हसत आम्ही तुम्हाला पलीकडच्या काठाला नेलं.

तुमची,
मादाम कुसुम